बारावीनंतर जर्मनी: पंधरा जुलैच्या आत जमेल का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आहे. बारावी सायन्सला तिला ७८ टक्के मिळाले, सीईटी बरी गेली. अकरावी-बारावीला तिने दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतली होती आणि त्यात ९२ गुण आहेत. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग जर्मनीत शिकायचं आहे, कारण 'तिथे शिक्षण फुकट आहे'. अर्जाची मुदत १५ जुलैला संपते. एक एजंट म्हणतो, भाषा येत नसली तरी चालेल, खासगी विद्यापीठात इंग्रजीतून शंभर टक्के प्रवेश मिळवून देतो, फक्त आत्ताच पैसे भरा. वडील म्हणतात, इथेच बीई कर, मग एमएसला जा. घर तारण ठेवून कर्ज काढायची त्यांची तयारी आहे, पण रात्री झोप नाही. ती विचारते: 'यंदा अर्ज केला नाही तर माझं वर्ष वाया जाईल. मी काय करू? आणि बाबांना काय सांगू?'

तुझं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे, म्हणून आधी तारखांचंच बोलते. यंदाच्या हिवाळी सत्रासाठी, म्हणजे ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या वर्षासाठी, सरकारी विद्यापीठात तुझं जमणार नाही. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. कागद एकामागून एक तयार होतात, एकाच वेळी होत नाहीत, म्हणून.

पहिला कागद एपीएसचा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतंच. दिल्लीतलं कार्यालय तुझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तपासून ते देतं. शुल्क १८,००० रुपये, वेळ काही आठवडे. ऑनलाइन निकालाची प्रिंट त्यासाठी चालत नाही, कॉलेजातून मिळालेली मूळ गुणपत्रिका लागते. त्यानंतर बऱ्याच विद्यापीठांचा अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातो. ती कागद तपासायला साधारण चार ते सहा आठवडे घेते. पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाचे ३०. एखादा कागद कमी असेल तर ते तुला कळवतात, पण तोवर मुदत टळलेली असते. पाच आठवड्यांत हे सगळं बसत नाही. समजा बसलं, तरी भाषेचा दाखला तुझ्याकडे नाहीच.

त्या ९२ गुणांचा अभिमान जरूर बाळग. पण बोर्डाचा जर्मनचा पेपर आणि विद्यापीठाला हवी असलेली जर्मन यांत फार अंतर आहे. भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात. बारावीपर्यंतचा अभ्यास साधारण ए-१, ए-२ च्या आसपास येतो: ओळख करून देणं, पत्र लिहिणं, उताऱ्यावरचे प्रश्न. जर्मनमधून शिकायचं तर विद्यापीठ सी-१ च्या आसपासची पातळी मागतं. टेस्टडाफ नावाच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं या चारही भागांत चौथी श्रेणी हवी. ए-२ पासून तिथवर पोचायला नेटाने शिकणाऱ्यालाही दीड-दोन वर्षं लागतात.

आता तुझ्या पत्रातलं न लिहिलेलं गृहीतक. बारावी झाली की जर्मनीच्या पदवीला बसता येतं, असं तू धरून चालली आहेस. तसं नाही. आपली बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या बरोबरीची मानत नाहीत. नुसत्या बारावीवर आधी स्टुडिएनकोलेगमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीच्या संस्थेत, दोन सत्रं काढावी लागतात. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी त्याला टी-कोर्स म्हणतात: गणित, भौतिकशास्त्र, रसायन किंवा संगणकशास्त्र आणि भरपूर जर्मन. शेवटी परीक्षा असते आणि ती नापास झाली तर एकदाच पुन्हा देता येते. हे वर्ष वगळायचे दोन मार्ग आहेत. एक, जेईई अॅडव्हान्स्ड पास असणं. दुसरा, इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणं. दुसरा मार्ग तुला खुला आहे आणि त्याविषयी तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

(इतर वाचकांसाठी एक सूचना: बारावीला बायफोकल घेतलेल्यांनी, म्हणजे दुसऱ्या भाषेऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांनी, विषयांची यादी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला पाठवून हा गट चालेल का ते लेखी विचारावं. तिथे विषयांचा गट बघतात, नुसती टक्केवारी नाही. भाषा सोडून व्यवसाय विषय घेतला की इथे गुण वाढतात, तिथे पंचाईत होऊ शकते.)

तुझ्या ७८ टक्क्यांचं तिथे काय होतं, तेही एकदा हाताने करून बघ. सूत्र सोपं आहे. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर: १०० वजा ७८, म्हणजे २२. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे गुण वजा कर: १०० वजा ३५, म्हणजे ६५. बावीसला पासष्टने भाग, तीनने गुण, एक मिळव. उत्तर २.० च्या आसपास येतं. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. २.० ही चांगली श्रेणी आहे, मेकॅनिकलला बहुतेक ठिकाणी पुरते. तेव्हा गुणांची काळजी सोड. अडचण भाषेची आहे आणि पैशांची.

पैशांचं सविस्तर बोलायला हवं, कारण 'फुकट' या एका शब्दावर तुमच्या घरातली झोप उडाली आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही, हे खरं. पण मेकॅनिकलसाठी ज्या गावांची नावं तू पत्रात लिहिली आहेस त्यांतली कार्ल्सरुहं आणि श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात आणि तिथे २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदवीला सत्रामागे दोन ते तीन हजार युरो लावले आहेत. शुल्क माफ असलं तरी राहणं-जेवण माफ नसतं. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो श्पेरकोंटो नावाच्या गोठवलेल्या खात्यात आधी ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ तुला काढता येतात. ती फी नाही, तुमचेच पैसे आहेत. पण ते खर्च होणार, आणि तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवताना पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवावी लागणार. युरो १०० रुपयांचा धरला तरी वर्षाचे बारा लाख. स्टुडिएनकोलेगचं एक वर्ष आणि पदवीची तीन ते साडेतीन वर्षं, म्हणजे पन्नास लाखांच्या आसपास. बाबांच्या डोक्यात हा आकडा आहे का, की फक्त पहिल्या वर्षाचा आहे? त्यांना विचार. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीलाच सात-आठशे युरो जातात, तेव्हा ९९२ पुरतील असं धरून चालू नकोस. लहान गावात, विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली तर पुरतात.

एक बारीक गोष्ट. जर्मन कागदावर हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. त्यामुळे तुला '११.९०४' असं छापलेलं दिसेल आणि २.५ श्रेणी '२,५' अशी दिसेल. फॉर्म भरताना यात घोटाळा होतो, आणि गणिताच्या प्रवेश परीक्षेतही होतो.

काम करून भागवीन, असं तू लिहिलं आहेस. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पण टी-कोर्सच्या वर्षात आठवड्याला तीस-बत्तीस तास वर्ग असतात, तेव्हा त्या वर्षी कमाई शून्य धर. शिष्यवृत्तीवरही भिस्त ठेवू नकोस. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, आणि डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्याही आपल्या विद्यार्थ्यांना मुख्यतः पदवीनंतरच मिळतात. अठराव्या वर्षी जाणाऱ्याचा खर्च घरच करतं, हे उघड्या डोळ्यांनी बघ.

एजंटबद्दल. सरकारी जर्मन विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन देत नाहीत, म्हणून एजंटांचा ओढा खासगी संस्थांकडे असतो. खासगी संस्था म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. पण तिथे फी भरावी लागते, आणि मग 'फुकट शिक्षण' हे जाण्याचं कारणच उरत नाही. पैसे देण्याआधी त्याला चार गोष्टी लेखी विचार. संस्थेला राज्याची मान्यता आहे का, आणि अनाबिन या सरकारी यादीत तिचा दर्जा काय? खासगी स्टुडिएनकोलेग असेल तर शेवटची परीक्षा तिथेच होते की मुलांना बाहेरच्या सरकारी केंद्रावर जाऊन द्यावी लागते? व्हिसा नाकारला तर कोणती रक्कम किती दिवसांत परत मिळेल? आणि अर्जाचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खातं एजंटच्या ईमेलवर असलं की 'हा कागद कमी आहे' असं आलेलं पत्र तुझ्यापर्यंत पोचत नाही आणि अर्ज कशामुळे बाद झाला ते कधीच कळत नाही. खातं तुझं, पासवर्ड तुझा. हे मान्य नसेल तर तिथून उठायचं.

इंग्रजीतून शिकवणारे पदवी अभ्यासक्रम सरकारी संस्थांतही आहेत, थोडे आहेत. क्लेव्हच्या ऱ्हाइन-वाल या उपयोजित विज्ञान विद्यापीठात मेकॅनिकल इंग्रजीतून आहे. पण नुसत्या बारावीवर तिथेही थेट जाता येत नाही, वर सांगितलेली पात्रता लागतेच. आणि वर्गात इंग्रजी असलं तरी कारखान्यातल्या इंटर्नशिपला फोरमन जर्मनच बोलणार.

मग रस्ते कोणते? मला तीन दिसतात.

पहिला: हे वर्ष फक्त जर्मनला द्यायचं. आत्ता ए-२ पक्कं करून डिसेंबरपर्यंत बी-१, मेपर्यंत बी-२. पुढच्या जुलैत स्टुडिएनकोलेगचा अर्ज. काही ठिकाणी बी-१ वर परीक्षेला बसू देतात, बऱ्याच ठिकाणी बी-२ मागतात. हानोफर, डार्मश्टाट, हांबुर्ग, क्योटन इथली सरकारी कोलेग पाहा. जागा मर्यादित असतात आणि प्रवेश परीक्षा जर्मन व गणिताची असते. गणित अवघड नसतं: अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, समीकरणं. पण बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलेटर नसतो आणि प्रश्न जर्मनमध्ये असतात. ब्रुख म्हणजे अपूर्णांक, ग्लायशुंग म्हणजे समीकरण, श्टायगुंग म्हणजे चढ. वर्गमुळाला ते वुर्त्सेल म्हणतात, म्हणजे झाडाचं मूळ, अगदी आपल्यासारखंच. नववी-दहावीचं बीजगणित हातावर असलेली मुलगी निव्वळ हे शब्द न कळल्याने गडबडते. तेव्हा गणिताचे शंभरेक शब्द वेगळ्या वहीत काढून पाठ करावेत. भाषेच्या प्रमाणपत्रांसह काढलेलं असं वर्ष व्हिसाच्या वेळी आड येत नाही. काहीच न करता गेलेल्या वर्षाचं मात्र स्पष्टीकरण द्यावं लागतं.

दुसरा: कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून इथे मेकॅनिकलला प्रवेश घ्यायचा आणि सोबत जर्मन शिकायचं. पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टर एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, न ठेवता सुटल्या पाहिजेत, कारण 'यशस्वीपणे पूर्ण' याचा अर्थ तोच. मग त्याच शाखेला थेट प्रवेशाची पात्रता येते. यातही खाचखळगे आहेत. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल जुलै उजाडला तरी लागत नाही आणि १५ जुलै हुकते. शिवाय इंजिनिअरिंग करता करता एका वर्षात सी-१ गाठणं बहुतेकांना झेपत नाही. म्हणजे जर्मनमधून शिकायचं तर हे दार प्रत्यक्षात दोन वर्षांनी उघडतं, आणि दोन वर्षं इथे काढल्यावर तिथे पुन्हा पहिल्या सत्राला बसायचं का, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा बाबांचा: बीई इथे, मास्टर्स तिथे. यावर तू पत्रात एकच ओळ लिहिली आहेस, 'ते म्हणजे सगळ्यांसारखंच'. थोडं थांबून वर्षं मोज. पहिल्या रस्त्याने आजपासून पाच ते साडेपाच वर्षांनी तुझ्या हातात जर्मन पदवी येईल, पन्नास लाख खर्चून. तिसऱ्या रस्त्याने सहा वर्षांनी जर्मन मास्टर्स येईल, आणि तिथला खर्च दोन वर्षांचा, पंचवीस लाखांच्या आसपास. इंग्रजीतले मास्टर्सही खूप आहेत. आणि तू मुलगी आहेस: घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटात असशील, तर २०२४-२५ पासून राज्य सरकार मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. या सवलतीचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही.

पहिल्या रस्त्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. जर्मनमधून पदवी घेतलेल्या मुलीची भाषा मास्टर्सला गेलेल्याला सहसा गाठता येत नाही. उपयोजित विद्यापीठांत एक पूर्ण सत्र उद्योगात काढावं लागतं आणि पहिली नोकरी बऱ्याचदा तिथूनच येते. तुला जर्मनीत राहायचंच असेल, त्या भाषेत जगायला आवडणार असेल, तर लवकर जाण्याला अर्थ आहे. पण फक्त इथून सुटायचं असेल, मैत्रिणी निघाल्या म्हणून निघायचं असेल, तर पन्नास लाख ही त्याची फार मोठी किंमत आहे. यातलं तुझं कोणतं, हे तुझं तुलाच ठाऊक. पत्रात 'जर्मनी' बारा वेळा आहे आणि 'मेकॅनिकल' दोनदा, एवढं मला दिसलं.

माझं मत विचारशील तर: या महिन्यात कॅपचा फॉर्म भर, प्रवेश घे, आणि सोबत जर्मनचा ऑनलाइन वर्ग लाव. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची पातळी चाचणी दे. तुला वाटतं त्याहून एक पायरी खाली बसवलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मग डिसेंबर-जानेवारीत बी-१ ची परीक्षा दे. तिचे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात शंभरापैकी साठ हवेत. कॉलेज सांभाळून चारही सुटले, तर तुला भाषा झेपते आणि ओढही खरी आहे. तेव्हा पहिला की तिसरा रस्ता, याचा निर्णय घरात बसून घ्या. दोन भाग राहिले तर तिसरा रस्ता धर आणि चार वर्षांत बी-२ सावकाश कर. कोणत्याही बाजूने हे वर्ष कामी येतं.

दरम्यान दोन-तीन कामं उरकून घे. पासपोर्ट काढताना नाव नीट बघ. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त आहे, असल्या फरकांनी एपीएस आणि व्हिसा दोन्हीकडे विचारणा होते. आत्ता दुरुस्त होतं, पुढच्या जूनमध्ये धावपळ होते. शाळा सोडल्याचा दाखला इंजिनिअरिंग कॉलेजात जमा करण्याआधी तो आणि गुणपत्रिका रंगीत स्कॅन करून ठेव. आणि सुट्टीत शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीत वा मशीन शॉपमध्ये काम शिकायला मिळालं तर घे. मेकॅनिकलच्या बऱ्याच जर्मन अभ्यासक्रमांत काही आठवड्यांचं प्राथमिक कारखाना प्रशिक्षण मागतात. कानस घासणं, लेथ, ड्रिलिंग, वेल्डिंग, मोल्डिंग यांपैकी काय किती आठवडे केलं, ते कंपनीच्या लेटरहेडवर तारखांसह लिहून घे. ते मोजलं जाईलच असं नाही, पण असा कागद नसेल तर मोजायला काहीच उरत नाही. आणि लेथवर चार दिवस उभं राहिल्यावर मेकॅनिकल आवडतं का, तेही कळेल.

बाबांना काय सांगू, असं तू शेवटी विचारलं आहेस. घर तारण ठेवायचा विषय यंदा काढायचा नाही, हे आधी सांग. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, तेव्हा तो विषय येईल, पण प्रवेशपत्र हातात आल्यावर. आत्ता त्यांच्याकडून दोनच गोष्टी हव्यात: बी-१ पर्यंतच्या वर्गाची फी, आणि जानेवारीत निकाल लागेल त्या संध्याकाळी शांतपणे बसून बोलायचं कबूल करणं. वर मांडलेला वर्षांचा आणि लाखांचा हिशेब तुझ्या अक्षरात एका कागदावर उतर आणि दोघं मिळून तपासा. आकडा चुकला तर त्यांना खोडू दे.